एकच झाड मागितले

मी एक जुनी ढोली आहे. मित्रांनो, ढोली म्हणजे झाडाच्या खोडातली पोकळी. तुम्ही म्हणाल, पोकळीला कसले आले आत्मवृत्त? जिथे काही नाहीच, तिथे सांगण्यासारखे काय असणार? हा प्रश्न मला नवा नाही. माझ्यासमोर उभे राहून माणसांनी तो कागदावर लिहूनही नेला आहे.

पेडणे तालुक्याच्या पूर्वेला, दोन डोंगरांच्या बेचक्यात एक व्हाळ वाहत असे. आमच्याकडे ओढ्याला व्हाळ म्हणतात. व्हाळाच्या काठी देवराई होती आणि देवराईच्या टोकाला एक उंच घोटिंग, म्हणजे तुमचा बेहडा. त्या घोटिंगाच्या खोडात, जमिनीपासून पाच-सहा पुरुष उंचीवर, मी आहे.

माझा जन्म एका मोडण्यातून झाला. फार जुन्या वादळात घोटिंगाची जाड फांदी बुडापासून तुटली. जखमेत पाणी मुरले. बुरशी धरली, किडे आले, किड्यांच्या मागोमाग सुतार पक्षी आला आणि त्याने टोचून टोचून मला तोंड दिले. मग कित्येक पावसाळ्यांनी मला आतून कोरले. एका पक्ष्याला अंग वळवता येईल एवढी जागा व्हायला मला शंभरेक वर्षे लागली. या कामात कोणी घाई केली नाही. घाई करून ढोली होत नाही.

माझ्याकडे आधी मधमाश्या राहिल्या. मग पोपट, मग उडती खार, एक वर्ष घुबड. मी कोणाला नाही म्हटले नाही. गेली सोळा वर्षे मात्र माझ्याकडे एकच जोडी येत होती, धनेशाची. आमच्या गावात त्याला ककणेर म्हणतात. काळी-पांढरी पिसे, पिवळी मोठी चोच, चोचीवर टोपी घातल्यासारखे शिंग. त्यांची तऱ्हा तुम्हाला ठाऊक आहे का? मार्च महिन्यात मादी माझ्यात शिरते आणि आतूनच दार लिंपून घेते. फक्त चोच बाहेर निघेल एवढी उभी फट ठेवते. आमच्याकडे खिडकीला जनेल म्हणतात. तसे ते तिचे जनेल. मग दोन-अडीच महिने ती बाहेर येत नाही. तिथेच अंडी घालते, उबवते, आपली जुनी पिसे गाळते. त्या दिवसांत तिला उडतासुद्धा येत नाही. नर दिवसभर फळे आणतो आणि जनेलातून एकेक करून भरवतो. तो आला नाही, तर आत सगळेच संपले.

आणखी एक सांगते. ती मादी इतकी स्वच्छ, की आपली आणि पिल्लाची घाण रोज जनेलातून नेम धरून बाहेर टाकायची. सोळा वर्षांत माझ्या अंगाला कधी दुर्गंधी आली नाही. ज्यांना तुम्ही रानटी म्हणता त्यांची ही रीत. दुर्गंधी मी नंतर पाहिली, आणि ती माणसांबरोबर आली.

आमच्या देवराईचा एक राखणदार देव होता. घोटिंगापासून दहा पावलांवर त्याचा पाषाण. त्याच्या भयाने देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नसे. पडलेले झाड जागीच कुजायचे. गावातर्फे देवाला गाऱ्हाणे घालायचा मान बाबली घाडी या म्हाताऱ्याचा. एकदा कोणाची गुरे देवराईत चरायला शिरली, तर बाबलीने त्यांच्या मालकाला नारळ आणि कोंबडा ठेवायला लावला होता. राखणदार कोणाला दिसत नसे, पण त्याच्या सावलीत आम्ही सगळे सुखाने होतो.

मग व्हाळावर धरण बांधायचे ठरले. आधी पाहणीला माणसे आली. तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलची गोष्ट. भर दुपारी, पाखरू हूं का चूं करत नाही अशा वेळी, ती घोटिंगाच्या सावलीत बसली. डबे उघडले. हात व्हाळात धुतले, उरलेली आमटी व्हाळात ओतली. आत मादी श्वास रोखून बसली होती. जेवून झाल्यावर एकाने वर पाहिले आणि लिहून घेतले, 'झाड पोकळ. निरुपयोगी.' दुसऱ्याने खाली जोडले, 'विशेष वन्यजीव आढळले नाहीत.' मग खोडावर लाल रंगाने आकडा घातला, त्याच रंगाने भरलेले बोट मुळावर पुसले आणि सगळे गेले. मला किळस आली ती त्या आमटीची नाही. दोन तासांत आमचा निकाल लागला याची.

एका झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावणार, असेही ते बोलत होते. लावलीही, वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावर, अकेशियाची. मित्रांनो, दहा रोपांत मिळून एकही ढोली नसते. हे समजायला कॉलेजात जावे लागत नाही.

पण देवराई तोडायची कशी? राखणदार होता ना. तेव्हा गावाने कौल लावायचा ठरवला. कौल म्हणजे देवाला प्रश्न विचारून पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. सारा गाव जमला. बाबली घाडी हात जोडून मोठ्याने म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या जाग्यार आता धरणाचा पाणी येतला. तुका वर सड्यार नवी घुमटी बांदली हा. तुझी येवची तयारी आसात तर उजवी दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

उजवी पडली. बायकांनी डोळे पुसले. पाषाण पालखीत बसवून, ढोल वाजवत सड्यावर नेला. घुमटीला आतून न्हाणीघरासारख्या चकचकीत फरश्या आहेत, असे ऐकते.

बाबलीची सून सुविधा मिरवणुकीत सगळ्यात मागे होती. कडेवर दीड वर्षाची मुलगी, गौरवी. घोटिंगाखाली थांबून तिने सासऱ्याला विचारले, "बाबा, देवान आपल्यापुरतो कौल दिलो. हय रवतत त्यांचा कोणी विचारला?"

"कौल देवाक लावतत गो," बाबली म्हणाला. "पाखरांक कोण कौल लावता?"

लोक हसले. सुविधा हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून कोयते आले. काल डोळे पुसणारे आज जळण नेत होते. "देव गेलो, आता भियाचा कोणाक?" म्हणत एकमेकांना हाका मारत होते. करवंदीच्या जाळ्या, वेली, पडलेली खोडे, त्या खोडांखालचे विंचू-बेडूक, सगळे आठ दिवसांत उघडे पडले. आणि सगळ्यात मोठा भारा कोणाचा होता? बाबली घाड्याचा. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी रान राखले, असे मला वाटत होते. त्यांनी फक्त भय राखले होते. ते पालखीत घालून सड्यावर पोचवले आणि हात मोकळे केले. मला त्या दिवशी शिसारी आली, आणि ती आजही गेलेली नाही.

मला वाटले, यंदा जोडी येणार नाही. पण मार्चमध्ये आली. मादीने जनेल ठेवून दार लिंपून घेतले. कदाचित सोळा वर्षांचा विश्वास असेल. माझ्यावरचा.

एप्रिलच्या शेवटी सुविधा भिरंडे, म्हणजे कोकमाची फळे, वेचायला आली. इतर बायका कोयते घेऊन येत. तिच्याकडे टोपली आणि गौरवी. घोटिंगाच्या बुंध्याशी तिला ओल्या बियांचा सडा दिसला. फळ खाल्ल्यावर उरतात तशा ताज्या बिया. वर पाखरू तर एकही नाही. ती मुलीला मांडीवर घेऊन बसून राहिली. तासाभराने नर आला. घशातून एकेक फळ वर काढून त्याने जनेलात दिले. आतून पिल्लाचा चिरका आवाज आला. गौरवी टाळ्या पिटायला लागली, तर सुविधाने तिचे दोन्ही हात आपल्या मुठीत धरले.

"गप हां बाय. आत बाळ आसा."

त्यानंतर ती रोज यायची. पिल्लू आवाज देते का ते ऐकायची, मगच भिरंडे वेचायची.

खाली व्हाळावर धरणाचा बांध तोवर उभा राहिला होता; आठवड्याभरात झाडे कापणारी टोळी आली. पाळी गावच्या खाणी थंडावल्यापासून नुसते उभे असलेले टिपर ट्रक लाकूड न्यायला रांगेत लागले. टोळीचा मुख्य भिकाजी, सिंधुदुर्गातला. त्याने घोटिंगाच्या बुंध्याला यंत्राची करवत लावली. माझ्या आत मादी थरथरली. पिसे गळलेली, पळणार कुठे?

तेवढ्यात सुविधा मुलीला घेऊन धावत आली. "ओ दादानू, थांबा! आधी मशीन बंद करा!"

"कित्या गे बाय? झाडार भूत आसा?"

"बाळंतीण आसा."

भिकाजीने यंत्र बंद केले. "खंय?"

"वर. त्या जनेलात बघा. दीड म्हयनो ती आत आसा. पिल्लू बारीक."

नर योग्य वेळी आला. जनेलातून पिवळी चोच बाहेर निघाली, फळ घेऊन आत गेली. भिकाजी मान वर करून बघतच राहिला. मग त्याने डोक्याचा टॉवेल सोडला. "माझा चेडू बाळंतपणाक घरी इला हा. बारा दिस घरात कोण मोठ्यान खोकलोसुदिक नाय. आणि हय दारात मशीन लावू? माझ्याच्यान जावचा नाय."

ठेकेदाराचा मुकादम गोकुळदास डिचोलीचा. पांढरा शर्ट, तोंडात गुटखा. तो तरातरा आला. "काय रे भिक्या, आता पाखरांचां बारसां करतलो काय तू?" आणि गुटख्याची पिंक नेमकी बियांच्या सड्यावर टाकली.

"पाखरू बाळंत आसा मुकादमानू," भिकाजी म्हणाला. "तुमी लावा मशीन. माझी ना नाय."

गोकुळदासने यंत्र हातात घेतले नाही. गुटखा खाणाऱ्यालाही आई असते.

सुविधा म्हणाली, "धरण थांबवा म्हणत नाही मी. पावसापर्यंत हे एकच झाड ठेवा. पिल्लू उडाले की काय ते करा."

गोकुळदासने थोडा विचार केला. मग खिशातून फोन काढून माझे छायाचित्र घेतले. "बरां. एक झाड दिलां तुका."

सुविधाने हात जोडले. मलाही आनंद झाला. आम्ही दोघीही किती भोळ्या!

तीन दिवसांत घोटिंगाभोवती रंगीत फीत बांधली गेली. फलक लागला, 'धनेश संरक्षण वृक्ष'. खिळे माझ्या झाडाच्या सालीत ठोकले. साहेब आले, हार आला, बाटल्यांतले पाणी आले. पाव-पातळभाजीच्या थर्माकोलच्या ताटल्या व्हाळात तरंगत गेल्या. कोणीतरी भाषण केले की विकास आणि निसर्ग हातात हात घालून चालले आहेत. टाळ्या वाजल्या. त्या अर्ध्या दिवसात नर जवळ फिरकू शकला नाही. आत पिल्लू भुकेने ओरडत होते, आणि बाहेर त्याच्या रक्षणाचा समारंभ चालला होता. कोणालाही तो आवाज ऐकू आला नाही. मी आतून कुजत गेलेली पोकळी आहे. सड काय असते ते मला शिकवायला नको. पण अशी सड मी पाहिली नव्हती.

मग बाकीची सगळी झाडे कापली. शेवटी व्हाळाकाठचा रुमड राहिला. रुमड म्हणजे उंबर. नर दिवसातून दहा-बारा वेळा यायचा तो त्या रुमडाच्या जिवावर. भिकाजीने दत्ताचे झाड म्हणून हात लावला नाही. तर गोकुळदासने नारळ फोडला, बुंध्याला कुंकू लावले, "चूक-भूल पदरात घे" म्हटले आणि खोदणारे यंत्र बोलावून रुमड मुळासकट उपटला. नारळाचा प्रसादही वाटला. या लोकांना जे तोडायचे असते, त्याची ते आधी पूजा करतात. म्हणजे तक्रार करायला देवही उरत नाही.

त्या दिवसानंतर नर दिवसातून सहाच वेळा येऊ लागला. मग चार. मग तीन. फळांसाठी तो कुठे जात होता, कोण जाणे. परतायचा तेव्हा चोच उघडी, मान लटपटत. घशात चार फळे असली तर चारही आत द्यायचा. सुविधाने बुंध्याजवळच्या थोटकावर पपई कापून ठेवली. नर खाली उतरला नाही. कावळ्यांनी खाल्ली.

ती गोकुळदासकडे गेली. त्याची खुर्ची फलकाच्या सावलीतच असायची, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"तो रुमड कशाला काढला? त्याचेच फळ खाऊन ती जगत होती."

"तू काय मागलंय?" गोकुळदास म्हणाला. "एक झाड. दिलां. फलक लावन दिलां. त्या वक्तार रुमडाचां नाव काडलंय तू? आज रुमड, फाल्यां सगळो दोंगर मागतलंय!"

सुविधा गौरवीच्या तोंडाला लागलेली पपई पुसत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "डोंगरच मागायला हवा होता. घर मागितले आणि जेवण विसरले. मी! दिवसातून दहा वेळा हिला भरवणारी."

मित्रांनो, तिचा दोष किती? तिने निदान मागितले तरी. बाकी गावाने काय मागितले? घुमटीला फरश्या.

मेच्या अखेरीस मादीने दार फोडले. बाहेर आली ती ओळखू येत नव्हती. पिसे नवी, पण छातीचे हाड वर आलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लाने फुटलेल्या दारातून डोके काढले. खाली सुविधा होती, भिकाजी होता. बाबली घाडीही काठी टेकत आला होता. आईबाप समोरून हाका मारत होते.

आता नीट ऐका. धनेशाचे पिल्लू पहिल्या दिवशी लांब उडत नाही. त्याला वर चढता येत नाही. ते उतारावरून खाली तरंगते, वाटेतल्या झाडावर टेकते, दम घेते, मग पुढचे झाड. असे झाडाझाडाने ते उडायला शिकते. सोळा वर्षे मी हेच पाहिले. पहिला थांबा करमळ, दुसरा जांभूळ, तिसरा रुमड.

पिल्लाने उडी घेतली. सुंदर घेतली. पंख पसरून ते खाली गेले. करमळाच्या जागी थोटूक होते. पिल्लू पुढे गेले. जांभळाच्या जागी टिपरचा रस्ता. वळायला बघू लागले, पण वळून वर येण्याइतके बळ त्याच्यात नव्हते; दिवसाच्या तीन खेपांवर किती बळ येणार? रुमडाच्या जागी खड्डा होता. ते पंख मारत राहिले, मारत राहिले. सारी दरी नागडी. टेकायला बोटभर फांदी नाही. शेवटी धरणाच्या दगडी उतारावर आपटले.

भिकाजी आधी पोचला. सुविधाने ओढणीत त्याला उचलले. डावा पंख मोडला होता. चोच उघडून ते तिच्याकडे खायला मागत होते.

बाबली म्हणाला, "सड्यार जावया. देवाक विचारुया जगतला काय नाय ता."

"नको बाबा," सुविधा म्हणाली. "पुरे झाले विचारणे."

वनखात्याची गाडी येऊन पिल्लाला घेऊन गेली. ते जिवंत आहे, असे ऐकते. जाळीच्या पिंजऱ्यात. पंख जुळला नाही. शाळेच्या सहली त्याला बघायला जातात. धरणाच्या अहवालात मात्र लिहिले आहे, 'धनेशाचे घरटे यशस्वीरीत्या वाचवले.' माझा फोटो आहे, फीतसुद्धा दिसते. मित्रांनो, घाण अनेक प्रकारची असते. या एका वाक्याची घाण मला सगळ्यात जास्त येते.

आईबाप पाच दिवस दरीवरून हाका मारत फिरले. मग पाऊस आला. धरणाची दारे बंद झाली, पाणी चढले. संरक्षित वृक्ष म्हणून घोटिंग कोणी कापला नाही. तो उभ्या उभ्या बुडून मेला. त्याचा नुसता सुळका पाण्यावर आहे आणि पाणी माझ्या तोंडाला टेकले आहे. साल सुटते आहे. आत शेवाळ धरले आहे. वाऱ्याबरोबर बाटल्या येऊन अडकतात.

या मार्चमध्ये ती दोघे पुन्हा आली. माझ्या काठावर बसून मादीने आत चोच घातली. पाण्याला लागताच झटक्याने मागे घेतली. पुन्हा घातली. पुन्हा मागे घेतली. नराच्या चोचीत तिच्यासाठी एक फळ होते. बराच वेळ त्याने ते तसेच धरून ठेवले. मग ते पाण्यात पडले आणि दोघे उडून गेली. कुठे गेली ते मला कळले नाही. माझे तोंड एकाच दिशेला आहे.

मित्रांनो, तुम्हाला पाणी हवे, हे मला मान्य आहे. पोरांना तहान लागते, हे आईपण पाहिलेल्या मला कोणी सांगू नये. पण होडीतून येणारे लोक बोलतात, त्यावरून कळते की डोंगरापलीकडच्या व्हाळावरही मोजणीचे खुंटे मारले आहेत. तुमच्यापैकी कोणाचे घर तिकडे असेल, तर एवढे करा. पाहणीची माणसे येण्याआधी तुम्ही जा. मार्च ते मे, सकाळच्या वेळी, प्रत्येक मोठ्या झाडाखाली मुकाट्याने बसा. ओल्या बिया दिसतात का पाहा. वर कोण येते, कुठून येते, कशावर जगते, उडाल्यावर कुठे टेकते, सगळे लिहून ठेवा आणि तो कागद त्यांच्या कागदाआधी पोचवा. आणि मागायची वेळ आली, तर एक झाड मागू नका. ते तुम्हाला लगेच देतील.